समान मैदानाची थाप

जानेवारी 2013 मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर बसून लान्स आर्मस्ट्राँगने कबूल केलं, की सातही टूर डी फ्रान्स आपण उत्तेजकं घेऊनच जिंकलो. कबुली देता देताच त्याने स्वतःसाठी एक पळवाटही काढून ठेवली. फसवणूक म्हणजे इतरांकडे नाही असा फायदा चोरून मिळवणं, आणि तसं काही आपण करतोय असं तेव्हा वाटलंच नाही, कारण मैदान सगळ्यांना सारखंच होतं, असं तो म्हणाला. पुढे 2015 मध्ये बीबीसीला त्याने सांगितलं, की पुन्हा 1995 सालात नेऊन उभं केलं तर बहुधा आपण तेच करू. कबुली जुनी झाली, पण ही पळवाट मात्र दिवसेंदिवस रुंदावत चालली आहे. आज सायकलिंगवर प्रेम करणारी शहाणीसुरती माणसंही सहज म्हणून जातात, की त्या काळात सगळेच घेत होते, घेणाऱ्यांतही हाच सगळ्यांत सरस होता, मग जेतेपदं काढून घेण्यात काय हशील? ऐकायला हे फार प्रौढ वाटतं. भाबड्या नीतिवाद्यांना जगाची रीत समजावून सांगतोय असा आव त्यात असतो. म्हणून नीतीची गोष्ट तूर्त बाजूला ठेवू आणि व्यवहारच तपासू. माझं म्हणणं असं, की हा बचाव व्यवहाराच्याच कसोटीवर कोसळतो. जे घेत नव्हते त्यांना आधी शर्यतीतून उठवायचं, आणि मग उरलेल्यांकडे बोट दाखवून ‘बघा, सगळेच घेतात’ म्हणायचं, असा हा प्रकार आहे. उठवण्याच्या या कामात आर्मस्ट्राँग स्वतः पुढे होता.

क्रिस्तोफ बासों हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. फ्रान्समधल्या माझामे गावचा, 1974 सालचा जन्म, 1996 मध्ये व्यावसायिक झालेला आणि लवकरच फेस्तिना या त्या वेळच्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एकात दाखल झालेला हा सायकलपटू. फेस्तिनाचं पुढे काय झालं ते प्रसिद्ध आहे. जुलै 1998 मध्ये, टूर सुरू होण्याच्या तोंडावर, संघाचा मालिशवाला विली व्होए बेल्जियम-फ्रान्स सीमेवर पकडला गेला. त्याच्या गाडीत एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओच्या शेकडो मात्रा आणि इतर औषधांचा साठा सापडला. संघ टूरमधून हाकलला गेला. पोलिसांसमोर एकेक खेळाडू बोलू लागला. त्याच जबाबांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली आणि फ्रेंच वर्तमानपत्रांनी ती छापली. घेणाऱ्या सहकाऱ्यांनीच सांगितलं होतं, की बासों घेत नाही. इतका पोखरलेला संघ, पण त्यातही न घेणारे दोन-तीन जण होते आणि कोण घेतो, कोण घेत नाही हे घेणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. घेतलंस तर पगार दहापट होईल असं आमिषही बासोंला दाखवलं गेलं होतं. त्याने नकार दिला. ‘सगळेच’ या बचावाला इथेच पहिली भेग पडते. नकार देणं अशक्य नव्हतं. महाग होतं, एवढंच.

किती महाग, ते पुढच्या वर्षी कळलं. फेस्तिना प्रकरणानंतरच्या 1999 च्या टूरला आयोजकांनी नवनिर्माणाची टूर म्हणून मिरवलं. घाण गेली, आता खेळ स्वच्छ झाला, म्हणजे वेग थोडा उतरेल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. विजेत्याचा सरासरी वेग टूरच्या इतिहासात पहिल्यांदाच ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला. जून महिन्यात दोफिने शर्यतीचा एक टप्पा जिंकून बासों या टूरमध्ये उतरला होता आणि ‘ल पारिझियां’ या दैनिकात रोजचं सदर लिहीत होता. या वेगाने आणि आर्मस्ट्राँगच्या चढणीवरच्या धावेने आपण चकित झालो आहोत, असं त्याने सदरात लिहिलं. आरोप असा काही केलाच नव्हता. तेवढंही पुरलं. सोबतचे सायकलपटू त्याच्याशी बोलेनासे झाले. आल्प द्युएझच्या टप्प्याच्या दिवशी सगळ्यांनी आपसात ठरवलं की पहिले शंभरेक किलोमीटर सावकाश जायचं, आणि हे बासोंला सांगायचं नाही. त्याला एका मेकॅनिककडून ते कळलं. रागाने त्याने सुरुवातीलाच एकट्याने मुसंडी मारली, तर अख्खा ताफा त्याच्या मागे लागला आणि त्याला गिळूनच थांबला. मग पिवळ्या जर्सीतला, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेला आर्मस्ट्राँग सायकल बाजूला आणून त्याला म्हणाला, की तू बोलतोस ते खेळासाठी वाईट आहे. पुढच्या पिढीच्या सायकलपटूंचा विचार करून मी बोलतो, असं बासोंने उत्तर दिलं. मग निघून का जात नाहीस, असं आर्मस्ट्राँगने त्याला ऐकवलं. हे सगळं बासोंच्या एकट्याच्या सांगण्यावरून आपण मानायचं असंही नाही. त्याच संध्याकाळी फ्रेंच दूरचित्रवाणीवर आर्मस्ट्राँगने स्वतःच सांगितलं, की त्याला तसं वाटत असेल तर त्याने घरी जावं हे बरं. काही दिवसांत बासों टूर सोडून निघाला. त्याच्याच संघाने त्याची पाठराखण केली नव्हती. 2001 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने व्यावसायिक सायकलिंग सोडलं आणि पुढे तो फ्रेंच क्रीडा खात्यात उत्तेजकविरोधी कामाला लागला.

आता ‘घेणाऱ्यांतही तोच सरस’ हे वाक्य पुन्हा वाचून पाहा. बासों न घेता आर्मस्ट्राँगला हरवू शकला असता का? बहुधा नाही, निदान त्या वर्षी तरी नाही. पण मुद्दा एका शर्यतीतल्या हारजितीचा नाहीच. पेलोटोनमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या त्या दीडशे-पावणेदोनशे सायकलींच्या ताफ्यात, कुणी एकटा टिकत नाही. वारा अडवायला पुढे कुणीतरी लागतो, पळून पुढे जाणाऱ्याला साथ लागते, पंक्चर झालं तर थांबणारा सहकारी लागतो. या खेळात बहिष्कार म्हणजे नुसता अबोला नसतो, त्याने माणसाची कारकीर्दच संपते. ताफ्याचा धनी असलेल्या माणसाने ‘हा आपला नव्हे’ असं खुणावलं की बाकीचं आपोआप होतं.

आणि हे एकदाच घडलं असंही नाही. इटलीच्या फिलिप्पो सिमेओनीने मिकेले फेरारी या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. फेरारीने आपल्याला ईपीओबद्दल सल्ला दिला, असं त्याने न्यायालयात सांगितलं. फेरारी हाच आर्मस्ट्राँगचाही सल्लागार. आर्मस्ट्राँगने सिमेओनीला खोटारडा ठरवलं, तर सिमेओनीने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. 2004 च्या टूरच्या अठराव्या टप्प्यात, आनमास ते लाँस-ल-सोनिए या रस्त्यावर, सिमेओनी आघाडीच्या एका छोट्या गटाला जाऊन मिळायला निघाला. एकूण वेळेत तो आर्मस्ट्राँगच्या दोन तासांहून अधिक मागे होता, त्यामुळे तो पुढे गेला काय अन् मागे राहिला काय, पिवळ्या जर्सीला त्याचा काडीचाही धोका नव्हता. तरी पिवळी जर्सी घातलेला माणूस स्वतः पाठलाग करत त्याच्यामागोमाग त्या गटात पोचला. आर्मस्ट्राँग गटात आहे म्हटल्यावर मागचे बलाढ्य संघ गटाला पळू देणार नव्हतेच. त्या गटातल्यांना स्वतःची संधी वाचवायची होती, त्यांनी सिमेओनीला विनवलं की तू मागे जा. तो गेला, तेव्हा आर्मस्ट्राँगही परत फिरला आणि कॅमेऱ्याकडे बघून ओठांची चेन ओढून बंद केल्याची खूण त्याने केली. हजारो प्रेक्षकांसमोर, थेट प्रक्षेपणात. एवढं उघड कुणी कशाला करेल? कारण ते सिमेओनीसाठी नव्हतंच. उरलेल्या ताफ्याने ते पाहावं, म्हणून ते केलं होतं.

सायकलवर नसलेल्यांचं काय झालं तेही पाहा. एमा ओ’रायली ही आर्मस्ट्राँगच्या संघाची मालिशवाली. 1999 मध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड आढळलं तेव्हा मागची तारीख टाकून डॉक्टरची चिठ्ठी तयार केली गेली, हे तिने पत्रकार डेव्हिड वॉल्शला सांगितलं. दंडावरची सुईची खूण झाकायला आपण मेकअप आणून दिला, हेही सांगितलं. त्याची किंमत तिने खटल्याच्या आणि बदनामीच्या रूपात मोजली. बेट्सी अँड्रू ही सहकारी सायकलपटूची बायको. 1996 मध्ये इंडियानापोलिसच्या रुग्णालयात आर्मस्ट्राँगने डॉक्टरांना आपण काय काय घेतलं ते सांगताना तिने ऐकलं होतं आणि शपथेवर तसं सांगितलं. वर्षानुवर्षं तिला द्वेष्टी, वेडी ठरवण्यात आलं. ‘संडे टाइम्स’ने वॉल्शच्या शोधाबद्दल छापलं, तर ब्रिटनच्या कडक अब्रुनुकसानी कायद्यापुढे त्या वृत्तपत्राला 2006 मध्ये तीन लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. तडजोडीला कारण ठरलेली बातमी खरी होती, आणि पैसे घेणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. यान उलरिच, मार्को पानतानी, बियार्ने रीस या टूर-विजेत्यांनीही उत्तेजकं घेतली, खोटंही बोलले. पण खरं बोलणाऱ्यांना चिरडण्याची अशी यंत्रणा त्यांतल्या कुणी उभारली नव्हती. शिक्षेतला फरक मोजताना लोक सिरिंजा मोजतात आणि ही यंत्रणा विसरतात.

पण समजा, न घेणाऱ्यांना विसरलो. फक्त घेणाऱ्यांपुरतं तरी मैदान समान होतं का? ईपीओ हे काही जादूचं पाणी नव्हे. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला रक्त वाढावं म्हणून दर आठवड्याला टोचतात तेच हे इंजेक्शन. त्याने तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. 1997 पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, हिमॅटोक्रिटवर, 50 टक्क्यांची मर्यादा घातली. तेव्हा ईपीओची चाचणीच नव्हती, म्हणून हा आडवळणाचा नियम. त्याचा परिणाम काय होतो ते दोन माठांवरून कळेल. एका माठात मुळातच गळ्यापर्यंत पाणी आहे, दुसरा निम्मा आहे, आणि दोन्ही गळ्यापर्यंत भरायची परवानगी मिळाली. पहिल्याला एक तांब्याही मावणार नाही, दुसऱ्यात हंडा रिकामा होईल. कुणाचं नैसर्गिक प्रमाण 47-48, कुणाचं 40-41. सगळे 49.5 वर पोचले तर फायदा दोघांना सारखा झाला कसा? ज्याला जन्मतःच बरं रक्त मिळालं होतं, म्हणजे स्वच्छ शर्यतीत जो पुढे असण्याची शक्यता जास्त, त्याचा फायदा सगळ्यांत कमी. त्यात औषधाला प्रतिसाद प्रत्येक शरीराचा वेगळा. तेव्हा त्या काळातला क्रम हा गुणवत्तेचाच क्रम होता, फक्त सगळ्यांचा वेग सारखा वाढला होता, असं म्हणायला काडीचाही आधार नाही. उत्तेजकांशिवाय आर्मस्ट्राँग कितवा आला असता? कुणालाच माहीत नाही, आर्मस्ट्राँगलाही नाही. 1993 मध्ये ऑस्लोला तो जगज्जेता झाला, एकदिवसीय शर्यतींत तो उत्तम होता, हे खरं. तीन आठवड्यांच्या शर्यतीत मात्र कॅन्सरपूर्वी तो कधीच अव्वल नव्हता.

पैशाची विषमता तर लपवण्यासारखीही नाही. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, यूसाडाने, ऑक्टोबर 2012 मध्ये आपला निर्णय हजारभर पानांच्या पुराव्यासह जाहीर केला. त्यात फेरारीला आर्मस्ट्राँगने दिलेल्या दहा लाख डॉलरहून अधिक रकमेची नोंद आहे. एखाद्या छोट्या इटालियन किंवा स्पॅनिश संघातल्या पोराने चोरून, अंदाजाने, भीत भीत टोचून घेणं आणि जगातल्या सर्वांत जाणकार माणसाच्या हिशेबाने मात्रा, वेळ, रक्ताची पिशवी हे सगळं आखून घेणं, या दोन गोष्टी एकच मानायच्या असतील तर मग पायी चालणं आणि विमानप्रवास यांतही फरक उरणार नाही. आणि पंचही सगळ्यांना सारखेच होते का? 1999 ची ती मागच्या तारखेची चिठ्ठी यूसीआयने मान्य केली. त्याच संघटनेने आर्मस्ट्राँगकडून देणग्याही स्वीकारल्या. यूसीआयनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने मार्च 2015 मध्ये अहवाल दिला. लाचेचा पुरावा मिळाला नाही असं त्यात नमूद आहे, आणि तेही प्रामाणिकपणे इथे सांगायला हवं. पण संघटनेने आर्मस्ट्राँगला झुकतं माप दिलं, त्याच्या बाबतीत स्वतःचे नियम पाळले नाहीत, 1999 च्या नमुन्यांबद्दलचा ‘स्वतंत्र’ म्हणवला गेलेला अहवाल लिहिण्यात त्याच्या माणसांचा हात होता, असंही त्याच अहवालात आहे. पंच एकाच्या बाजूने असतानाही मैदान समान होतं, असं म्हणणाऱ्याने निदान ‘समान’ची आपली कल्पना तरी सांगावी.

यूसाडाच्या त्या कागदपत्रांत एक प्रसंग आहे, जो या बचावाच्या समर्थकांनी जरूर वाचावा. डेव्हिड झाब्रिस्की हा आर्मस्ट्राँगच्या संघातला तरुण सायकलपटू. त्याचे वडील अमली पदार्थांच्या व्यसनात गेले होते. त्या घरापासून दूर जायला त्याने सायकल धरली आणि आपण कधी काही घेणार नाही असं ठरवलं. 2003 मध्ये स्पेनमधल्या जिरोनात संघव्यवस्थापक योहान ब्रुइनील आणि संघाचा डॉक्टर यांनी त्याला एका कॅफेत बोलावलं. समोर इंजेक्शनं ठेवली. झाब्रिस्कीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे मला मुलं होतील ना? शरीरात काही बदल होतील का? कान मोठे होतील का? विशी ओलांडलेल्या पोराचे हे प्रश्न. त्याला सांगण्यात आलं की सगळे घेतात. म्हणजे ‘सगळेच घेतात’ हे त्या काळाचं नुसतं वर्णन नव्हतं, तर एकेकाला ओढून आणण्याचं हत्यार होतं. आज जे वाक्य आपण समजूतदारपणे उच्चारतो तेच त्या कॅफेत त्या मुलावर वापरलं गेलं. क्रिस्तियान व्हांदे वेल्दे या दुसऱ्या सहकाऱ्याला तर खुद्द आर्मस्ट्राँगने बजावलं होतं, की संघात राहायचं असेल तर फेरारीचा कार्यक्रम नीट पाळावा लागेल. तेव्हा आपण प्रवाहात वाहत गेलो ही सबब त्याला शोभत नाही. प्रवाहाला उतार देणाऱ्यांपैकी तो एक होता.

‘पण तो एकदाही पकडला गेला नाही, शेकडो चाचण्यांतून सुटला,’ हा एक जुना आक्षेप. चाचणी जे शोधते तेच तिला सापडतं. ईपीओची खात्रीलायक चाचणीच 2000 पर्यंत नव्हती. 1999 मध्ये साठवलेले नमुने पुढे संशोधनासाठी तपासले गेले, तेव्हा त्याच्या सहा नमुन्यांत ईपीओ सापडल्याचं ‘लेकिप’ने ऑगस्ट 2005 मध्ये छापलं. 1998 मध्ये हॉलंडमधल्या फाल्केनबुर्ख इथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी तपासनीस येऊन बसले असताना संघाचा डॉक्टर रेनकोटच्या आत लिटरभर सलाइन लपवून त्यांच्यासमोरूनच आर्मस्ट्राँगच्या खोलीत घेऊन गेला आणि रक्त पातळ करून हिमॅटोक्रिट खाली आणलं, अशी सहकारी जोनाथन व्हॉटर्सची साक्ष आहे. त्या स्पर्धेत आर्मस्ट्राँग चौथा आला. 2004 च्या टूरमध्ये संघाची बस बिघडल्याचं नाटक करून रस्त्याकडेला थांबवली आणि आत रक्त चढवलं, असं दुसरा सहकारी फ्लॉइड लँडिसने सांगितलं. स्वतःचंच रक्त स्वतःला चढवलं तर ते ओळखणारी चाचणी तेव्हा नव्हती. एकूण 26 जणांच्या साक्षी झाल्या, त्यांत 15 सायकलपटू. खूनखटल्यातही नुसत्या रक्ताच्या डागावर निकाल लागत नाही, साक्षीदार मोजले जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकता येणार नाही. आर्मस्ट्राँगची जेतेपदं गेली, मग इतर कित्येकांची का नाही? रीसने 2007 मध्ये कबुली दिली, तरी 1996 चा विजेता म्हणून त्याचं नाव आहेच. फ्रेंच सिनेटच्या 2013 च्या अहवालातून 1998 च्या टूरमधल्या पानतानी आणि उलरिच यांच्या नमुन्यांत ईपीओ असल्याचं बाहेर आलं, तरी त्या वर्षीचं पानतानीचं जेतेपद शाबूत आहे. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमध्ये तोच मान सात वेळा मिळवणारा रिशार विरांक हा फेस्तिनाचाच. खटल्यात कबुली देऊन, बंदी भोगून तो परतला आणि फ्रान्सने त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं.  आर्मस्ट्राँगविरुद्ध बोललेल्या सहकाऱ्यांनाही जेमतेम सहा-सहा महिन्यांची बंदी झाली. ही विसंगती आहे, ढोंगही आहे. फ्रेंचांना अमेरिकन माणूस खुपला होता हेही काही अंशी खरं असेल. पण विसंगतीवर उपाय काय? उरलेल्यांची नावं खोडा, त्यांच्यापुढे शेरा लिहा, असं म्हणणारा माणूस मला समजतो. एकाला पकडून दुसरा सुटला म्हणून पकडलेल्यालाही सोडा, हे म्हणणं मला समजत नाही. सहकाऱ्यांच्या सौम्य शिक्षेबद्दल एवढंच, की त्यांनी तोंड उघडलं. यूसाडाने तशीच संधी आर्मस्ट्राँगलाही दिली होती. 2012 च्या उन्हाळ्यात तो संस्थेवर खटले भरण्यात गुंतला होता आणि ऑगस्टमध्ये त्याने आरोपांना उत्तर देण्याचंच नाकारलं.

कॅन्सरचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. ऑक्टोबर 1996 मध्ये निदान झालेल्या, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पसरलेल्या वृषणाच्या कॅन्सरमधून तो वाचला. त्याच्या संस्थेचे पिवळे पट्टे जगभर कोट्यवधी मनगटांवर दिसले. त्याच इंडियानापोलिसमध्ये, आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरांपैकीच एक असलेल्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे 2012 मध्ये युवराज सिंगवर उपचार झाले, आणि आर्मस्ट्राँगच्या पुस्तकाने बळ दिल्याचं युवराजने सांगितलं तेव्हा इथल्या लोकांनाही ते आपलंसं वाटलं. हे बळ खोटं होतं असं मी म्हणणार नाही. केमोथेरपीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुठून धीर मिळावा हे आपण कोण ठरवणार? पण आर्मस्ट्राँग कॅन्सरमधून वाचला तो 1996-97 मध्ये, सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या उपचारांनी, आणि फुप्फुसांना इजा करू शकणारं एक औषध वगळून दुसरं दिलं या डॉक्टरांच्या शहाणपणाने. रुग्णांना धीर द्यायला ते पुरेसं होतं. वाचलेला माणूस वर सात वेळा टूरही जिंकतो, हा पुढचा भाग मात्र खोटा होता. आणि संशयाने प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘कॅन्सरग्रस्तांचा शत्रू’ ठरवण्याची ढाल म्हणून आजाराचा उपयोग झाला, तो त्या रुग्णांच्या परवानगीने झाला नव्हता.

राहता राहिलं, ‘बिचाऱ्याने पुरेसं भोगलं.’ प्रायोजक गेले, आजन्म बंदी आली. त्याच्या संघाला अमेरिकी पोस्ट खात्याने दिलेल्या प्रायोजकत्वाबद्दल अमेरिकी सरकारने लावलेला दावा दहा कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकला असता, तो एप्रिल 2018 मध्ये 50 लाखांत मिटला. त्याच वर्षी आर्मस्ट्राँगने एका वाहिनीला सांगितलं, की 2009 मध्ये एका फंडातून उबरमध्ये गेलेल्या आपल्या एक लाख डॉलरनी कुटुंबाला तारलं. आता तो पॉडकास्टवर टूरचं विश्लेषण करतो, ते ऐकणारे पुष्कळ आहेत. बासोंच्या वाट्याला असं काही आलं नाही. 2012 मध्येच, आर्मस्ट्राँगचा निकाल लागत होता त्याच सुमारास, हौसेने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय शर्यतीत उतरलेला बासों मध्येच माघार घेऊन घरी निघाला. वाटेत फोन आला की चाचणीसाठी परत ये. तो परतला नाही, म्हणून फ्रेंच महासंघाने या ‘स्वच्छ’ माणसावर एक वर्षाची बंदी घातली आणि नंतर ती एका महिन्यावर आणली.

1999 ते 2005 ची विजेत्याची जागा यूसीआयने रिकामीच ठेवली, कुणाला बढती दिली नाही. यूसाडाच्या म्हणण्यानुसार त्या सात वर्षांत पहिल्या तीनमध्ये आलेल्या 21 जागांपैकी 20 जागांवरचे सायकलपटू कुठल्या ना कुठल्या डोपिंग प्रकरणाशी जोडलेले होते. अपवाद एकच, 1999 चा तिसरा फर्नांदो एस्कार्तिन. हा आकडा आर्मस्ट्राँगचे पाठीराखे हुकमी एक्का म्हणून टाकतात. पण तो आकडा व्यासपीठावर पोचलेल्यांचा आहे. तिथे पोचू न शकलेल्यांत, ताफ्याच्या शेपटाशी राहिलेल्यांत, 24-25 व्या वर्षी सायकल ठेवून दुसरी नोकरी धरलेल्यांत न घेणारे किती होते, याची मोजणी त्यात नाही. जिंकलेल्यांपैकी जवळजवळ सगळे घेत होते म्हणून सगळेच घेत होते, हा निष्कर्ष शाळेतल्या तर्कशास्त्राच्या परीक्षेतही नापास होईल. त्या सात ओळींत आर्मस्ट्राँगचं नाव परत लिहावं अशी मागणी करणाऱ्यांनी आधी त्या न मोजलेल्यांची यादी आणावी. ती आणता येणार नसेल, तर ओळी रिकाम्याच राहू द्याव्यात.